पाठीखालचा उजेड

एक काम करा. हे वाचता वाचता जमिनीवर उताणे झोपा. सतरंजी नको, चटई नको, नुसती फरशी. आधी काय टेकलं? टाचा, कंबरेखालचा भाग, डोक्याची मागची बाजू. आणि वर, मानेच्या दोन्ही अंगांना दोन चपटी हाडं आहेत, ती. त्यांना आपण पाती म्हणू. फरशीचा गारवा सगळ्यात आधी तिथं कळतो. आता एक खांदा थोडासा उचला. एक पातं टेकलेलं, एक अधांतरी. जोवर एक अधांतरी आहे तोवर तुम्ही हरलेले नाही. दोन्ही टेकली की हरलात. कुस्ती म्हणजे एवढंच; बाकी सगळा घाम. आता असं समजा की तुम्ही लहान नाही. तुम्ही बत्तीस वर्षांचे आहात, तुमचं वजन सत्तावन्न किलो आहे, एक कान घासून घासून भज्यासारखा फुगलेला आहे आणि तुमचं नाव कृष्णात चौगुले आहे. काल संध्याकाळी, गादीवरच्या कुस्तीनंतर, भरल्या सभागृहाने टाळ्या वाजवून तुम्हाला चौथ्यांदा म्हैसूर राज्याचा विजेता मानलं. आज रविवार, फेब्रुवारीतली सकाळ, साल एकोणीसशे बासष्ट. बंगळूरच्या पूर्वेला, के. आर. पुरमच्या बाजूच्या कारखान्याच्या वसाहतीत, तुमच्या न्हाणीत तुम्ही पाटावर बसला आहात आणि तुमची नऊ वर्षांची मुलगी चंपा तुमच्या पाठीवर तांब्याने ऊन पाणी ओतते आहे. झालं? आता उठून बसलात तरी चालेल, पण पाठीतला गारवा विसरू नका.

कृष्णातचं अंग दुखत होतं आणि ते दुखणं त्याला आवडत होतं. जिंकल्यानंतरचं दुखणं वेगळं असतं, ते अंगभर सारखं पसरतं. बाहेर चंद्रा, त्याची बायको, दिल्लीच्या प्रवासासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होती, तिचा ठेका भिंतीतून ऐकू येत होता. उद्याची गाडी. दिल्लीला महिनाभर सराव, तिथून निवड आणि निवड झाली तर परदेश. बत्तिसाव्या वर्षी ही वेळ दुसऱ्यांदा येत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ती आता आली आहे यात त्याला नवल वाटत नव्हतं. नवल वाटणं त्याच्या स्वभावात नव्हतं. हात मिळवतानाच त्याला कळायचं की हा गडी आपला आहे. समोरच्याच्या मनगटातच ते लिहिलेलं असायचं.

"काल पाठ बघितली नाहीस," तो चंपाला म्हणाला. "सगळ्यांनी हार घातले, तू आपली गप्प."

"बघितली की."

"मग?"

"गादीला माती नसते ना आबा. म्हणून दिसत नाही."

तिने दुसरा तांब्या ओतला. पाणी त्याच्या कण्यावरून दोन्हीकडे गेलं. चटणीचा ठेका चालूच होता.

"काय दिसत नाही?"

"तुम्ही त्याला घेऊन उलटलात ना, शेवटी? मी कोपऱ्यात खाली बसले होते, गादीला गाल टेकून. तुमच्या पाठीखालून पलीकडचा उजेड दिसत होता. खिडकीचा. मग तो गेला." तिने तांब्या घंगाळात बुडवला आणि थोडा विचार केला. "मग परत आला. स्वल्पच वेळ गेला."

एवढंच झालं. याहून मोठं काही त्या सकाळी झालं नाही. पण कृष्णातने गुडघ्यावर ठेवलेला हात तसाच राहिला आणि त्याला आपल्या पाठीत, ऊन पाण्याखाली, दोन थंड जागा जाणवल्या. तुला काय कळतंय, असं तोंडात आलं होतं. ते तो बोलू शकला नाही, कारण तिला बघायला त्यानेच शिकवलं होतं. ती चार वर्षांची असल्यापासून तालमीतून आला की तो तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "बघ गं, काय लिहिलंय?" ती एक बोट लावून पाती तपासायची. एकाच पात्याला माती असली तर "एक" म्हणायची. काहीच नसलं तर "कोरी!" म्हणून पाठीवर चापट मारायची आणि गुळाचा खडा मागायची. दोन्हींना माती असली तर ती काही म्हणायची नाही. पाच वर्षांत ती फार थोड्या वेळा गप्प राहिली होती. काल सभागृहात, हार गळ्यात घेऊन तो तिच्यासमोर वळला होता, आणि ती गप्प राहिली होती, आणि त्याला वाटलं होतं की पोर गर्दीला बुजली.

ही पाठ बघण्याची रीत कल्लाप्पा वस्तादांची. पेठेतल्या त्यांच्या तालमीत, जिला तिथले लोक गरडी म्हणतात, कुस्ती झाली की आंघोळीआधी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. वस्ताद मागून एकेकाची पाठ बघत जायचे. ज्याच्या दोन्ही पात्यांना माती, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन हौदा खणायचा. हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा. ती माती रोज फावड्याने खालीवर करावी लागते, नाहीतर ती दगड होते. कुणी ओरडायचं नाही, कुणी हसायचं नाही. पाठ लागली, खण. पहिल्या वर्षी कृष्णातने इतक्या वेळा खणलं होतं की फावड्याच्या दांड्याला त्याच्या मुठीचा आकार आला होता. एकावन्न साली निपाणीजवळच्या गावातून तो आला तेव्हा कारखान्याची चिठ्ठी खिशात होती आणि गावच्या जत्रेत मारलेल्या कुस्त्यांची मिजास छातीत. वस्तादांनी त्याला दारातच अडवलं. "नी यारू? कोण रे तू, कोंबड्या?" गोकाककडचा माणूस, मराठी बोलताना कन्नडात अडखळायचा आणि कन्नड बोलताना मराठीत. "चौगुल्यांचा कृष्णात." "हा, मग चौगुल्यांच्या कृष्णाता, ती माती बघ. हळद, ताक, तेल, लिंबाचा पाला. तुझ्या आईने तुला लावलं नसेल एवढं त्या मातीला लावलंय. तिच्याशी खोटं बोलायचं नाही." त्याला तेव्हा हसू आलं होतं. मातीशी कोण कशाला खोटं बोलेल?

बसमध्ये त्याने चंपाला खिडकीजवळ बसवलं. नऊ वाजता तालमीत सत्कार होता. फेटा, नारळ, आणि कुस्ती संघटनेच्या दामोदर साहेबांचं भाषण. वाहक "मुंदे होगी, मुंदे होगी" म्हणत लोकांना पुढे ढकलत होता. कारखान्यातला एक ओळखीचा दांडीला लोंबकळत वाकला आणि म्हणाला, "काय चॅम्पियन, दिल्ली कधी?" "उद्या," कृष्णात म्हणाला, आणि तो शब्द किती सहज आला याचं त्याला वाईट वाटलं. शब्दाला माती लागत नाही. बाहेर झाडांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या, हलसूरच्या तळ्याकडून गार वारा येत होता, इडल्यांच्या वाफेचा वास येत होता, शहर आपल्या रविवारच्या संथपणाने चाललं होतं आणि त्याच्या आत एक कुस्ती पुन्हा पुन्हा लागत होती. शेवटचं मिनिट. गुरुराज एका गुणाने पुढे. गुरुराज बावीस वर्षांचा, लांब हातांचा, अंगावर कधी तांबडी माती न लागलेला. तो गादीवरच शिकला, गादीवरच वाढला. कृष्णातने त्याचा दंड बगलेत धरला, पाय आत घातला आणि ढाक मारली. ढाक हा त्याचा घरचा डाव. आपल्या अंगावरून समोरच्याला उलटा फेकायचा, आणि फेकताना स्वतःही त्याच्याबरोबर गोल फिरून वर यायचं. गावच्या मातीत हा डाव पडला की लोक फेटे उडवायचे. फिरताना आपली पाठ मातीला लागते, लागू दे. जत्रेत तेवढ्याने कोण हरतं? तिथं दाबून आभाळ दाखवावं लागतं. पण गादीचा कायदा निराळा. गादीवर फिरता फिरता, डोळ्याचं पातं लवेल एवढा वेळ जरी दोन्ही पाती टेकली, तरी कुस्ती तिथंच संपली. डाव कुणी मारला, वर कोण आलं, काही विचारत नाहीत.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सत्तावन्न साली दामोदर साहेबांनी पहिली गादी आणली. हे दामोदर म्हणजे कारखान्यातलेच अभियंते, पुण्याचे, कुस्ती संघटनेचे चिटणीस. स्वतः कधी लंगोट बांधला नव्हता, पण नियमांची छापील पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती. गादी उलगडली तेव्हा वस्तादांनी ती पायाच्या अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाले, "यावर बाळंतीण झोपवायची की पैलवान?" सगळे हसले. कृष्णात हसला नाही. त्याला त्या स्वच्छ कापडात पुढची दहा वर्षं दिसली. त्याने वर्षभर ढाक नव्याने घोटली. फिरताना पाठ टेकवायची नाही, डोकं खांबासारखं रोवायचं, मानेवर दोघांचं वजन घ्यायचं. मान इतकी सुजायची की सदऱ्याचं वरचं बटण लागायचं नाही, आणि कारखान्यात यंत्रावर वाकताना डोळ्यांपुढे काजवे यायचे. पण तो शिकला. तीन वर्षं लागोपाठ जिंकला. मातीतून आलेला पहिला गडी, जो गादीला उमगला. त्याचा विश्वास तिथून आला होता, हवेतून नाही. स्वतःचं शरीर मोडून पुन्हा बांधलेल्या माणसाचा तो विश्वास होता. आणि काल, शेवटच्या मिनिटाला, एका गुणाने मागे असताना, ते पहिलं शरीर परत आलं. त्याने बोलावलं नव्हतं. ते आलं आणि जत्रेत फिरायचं तसं फिरलं. फिनेलचा वास आला. दोन्ही पात्यांना कापडाचा गारवा लागला, डाव्या पात्याला आधी, मग उजव्याला, आणि मग क्षणभर दोन्हींना एकदम. त्याला ते तेव्हाच कळलं होतं. हे कबूल करायला हलसूरपासून पेठेपर्यंतचा रस्ता लागला. त्याहून वाईट म्हणजे, त्या क्षणी तो सुखात होता. तीन वर्षांत गादीवर तो एकदाही तितका सुखात नव्हता.

आणि गुरुराजचे डोळे. त्या डोळ्यांचा काल त्याने फार विचार केला नव्हता, पण आता ते बसच्या खिडकीत, चंपाच्या केसांतल्या रिबिनीच्या वर, पुन्हा दिसले. फिरताना दोघांची तोंडं वीतभर अंतरावर आली होती, आणि गुरुराजचं अंग एकाएकी सैल पडलं होतं. दंड सुटला, बोटं सुटली. कृष्णातने वर येऊन त्याला सपाट दाबला. पंच पलीकडच्या अंगाला होते, मध्ये गुरुराजचा लांब देह; त्यांनी शिट्टी वाजवली ती या दुसऱ्या पाठीसाठी. काल संध्याकाळभर कृष्णात लोकांना सांगत होता, "घाबरला गडी. ढाक बसली की भलेभले सैल पडतात." टाळी देऊन सांगत होता. आता त्याला दिसलं की ते सैल पडणं भीतीचं नव्हतं. मुलगा जिंकला होता. गादीवर वाढलेल्या मुलाला कळलं होतं की पाठ लागली, कुस्ती संपली, म्हणून त्याने हात सोडले, जसे सभ्य माणसाने सोडावेत. आणि सुटलेल्या हातांवर कृष्णात चौगुले चौथ्यांदा राज्याचा विजेता झाला. बत्तीस वर्षांत त्याने हार बघितली होती, हाड मोडलेलं बघितलं होतं, पण आपल्या जिंकण्याकडे बघून मान खाली जाण्याची वेळ आली नव्हती.

"आबा, उतरायचं," चंपा म्हणाली. थांबा निघून चालला होता.

पेठेच्या गल्लीत कापडाच्या दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्या होत्या. तो भराभर चालला, चंपा मागून जवळजवळ पळत होती. त्याच्या डोक्यात एक आवाज चतुर वकिलासारखा बोलत होता. पंचांनी दिलं ते दिलं. सगळ्या सभागृहात कुणी हरकत घेतली नाही. गुरुराज बावीस वर्षांचा आहे, त्याला पुढं दहा संधी आहेत, तुला एकच. एका पोरीने गाल टेकून काय बघितलं यावर कुणी दिल्ली सोडतं का? आवाजाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त चालता चालता कृष्णातने सवयीने खांदे मागे ओढले, छाती काढली, आणि ती छाती त्याला उसनी वाटली. आणि गंमत बघा, यानेच त्याला हुशारी आली. आपण त्या मुलाला पाडू शकतो. आज पाडू शकतो, उद्या पाडू शकतो, डोकं रोवून, कायद्याने. मग जे आपण हाताने घेऊ शकतो ते पडलेलं उचलून का न्यायचं? तो हसला. चंपाने विचारलं, "काय झालं?" "काय नाही. तुला भूक लागली का?" "नाही." "सरी, चल मग."

तालमीच्या बाहेरच्या अंगणात, करंजाच्या झाडाखाली, सत्काराची तयारी झाली होती. साहेब लोकांचे पाय धुळीत पडू नयेत म्हणून सरावाची जुनी गादी जमिनीवर अंथरून तिच्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. दामोदर साहेब भाषणाचा कागद वाचत फेऱ्या घालत होते. गुरुराज आला होता. हरलेल्याने दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्याच्या तालमीत येऊन त्याच्या हातून नारळ घ्यायचा, ही पेठेची जुनी चाल. तो झाडाला टेकून उभा होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, लग्नाला आल्यासारखा. कल्लाप्पा वस्ताद दारातल्या दगडी बाकावर, गुडघ्यावर शाल टाकून. सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं.

"बाऽ, ये चॅम्पियन!" वस्ताद ओरडले. "नारळ आलाय, हार आलाय, फक्त नवरदेव येत नव्हता."

चंपा नेहमीप्रमाणे बाहेरच्या पायरीवर बसली. मुलींनी आत जायचं नाही असा तालमीचा दंडक होता, आणि त्या पायरीवरून आतली सगळी कुस्ती दिसते हे तिने फार पूर्वी शोधून काढलं होतं. कृष्णात वस्तादांच्या पाया पडला, आत गेला, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि कोपऱ्यातलं फावडं घेऊन हौद्यात उतरला. पहिला घाव घातला. मातीचा तो वास, हळदीचा, ताकाचा, जुन्या घामाचा, पायांतून वर चढला. दुसरा घाव. बाहेर भाषणाची पुटपुट थांबली. वस्ताद काठी टेकत दारात आले आणि त्यांनी आपला एक डोळा त्याच्यावर रोखला.

"एनो इदु? हे काय रे? आज तुझी पाळी कशी काय?"

"पाठ लागली, वस्ताद."

"कधी?"

"काल. ढाकेत फिरलो तेव्हा. दोन्ही."

दामोदर साहेब वस्तादांच्या खांद्यावरून डोकावले. "अहो चौगुले, हा काय प्रकार आहे? लोक यायला लागलेत. पंचांनी निकाल दिला, विषय संपला. तुमचं नाव दिल्लीला तारेने गेलंसुद्धा."

"दुसरी तार करता येते का साहेब?"

"कसली दुसरी तार?"

"गुरुराजच्या नावाची." फावडं चालू होतं. "नाहीतर पुन्हा कुस्ती लावा. आत्ता. जो जिंकेल त्याच्या नावाची तार. जुनं नाव राहिलं तर तुमचे पैसे वाचले."

"पुन्हा? नियमात असं काही नाही! आणि वजनाचं काय? काल रात्री तुम्ही चार मसाला डोसे हाणलेत, मी मोजले. सत्तावन्न किलो कुठले आता?"

"त्यानेही हाणले असतील की. विचारा."

झाडाखालून गुरुराज पुढे आला होता. तो दाराच्या चौकटीत थांबला आणि कन्नडात हळू म्हणाला, "मी दोनच खाल्ले, अण्णा." कुणीतरी हसलं. तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. कृष्णात फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. दोघांमध्ये आता हौद्याची रुंदी होती.

"तुला कळलं होतं ना?" कृष्णातने त्याच्याच भाषेत विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, हरला आणि रडला." त्याने कृष्णातच्या हातातल्या फावड्याकडे बघितलं. "आणि तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. मी तुमच्याकडे बघत होतो, शिट्टी झाल्यावर. तुम्ही टाळी देत होता."

हे शब्द शांतपणे आले आणि नेमके लागले. कृष्णातला वाटलं की आपण हरायला घाबरत नाही, हे खरं. पण या मुलाने काल जे केलं, हात सोडले आणि वाट बघितली, ते आपल्याला जमलं असतं का? ते माहीत नव्हतं. पुष्कळ दिवसांनी त्याला स्वतःबद्दल काहीतरी माहीत नव्हतं, आणि ते तितकं वाईट वाटत नव्हतं. नवा डाव पहिल्यांदा बघताना वाटतं तसं काहीसं वाटत होतं.

"आज धरशील?" त्याने विचारलं. "पण सांगून ठेवतो, मी तुला पाडणार आहे. डोकं रोवून. दया नाही."

गुरुराजने सदऱ्याचं पहिलं बटण काढलं. "बघू की अण्णा."

"हे बेकायदा आहे," दामोदर साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. त्यांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली, परत उलगडली. "संध्याकाळी पाचपर्यंत तारघर उघडं असतं," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "रविवारी पाचपर्यंतच."

"खुर्च्या उचला रे!" वस्ताद गरजले. अंगणात धावपळ झाली. खुर्च्या गेल्या, गादीवर त्यांच्या पायांचे खड्डे राहिले, ते हळूहळू भरून आले. हार खुंटीवर गेला. गल्लीतले लोक, जे सत्काराचे पेढे खायला आले होते, ते काय चाललंय हे न कळून झाडाभोवती दाटले. कृष्णात लंगोट कसून बाहेर आला. करंजाची सावली गादीच्या अर्ध्या भागावर होती, उरलेल्या अर्ध्यावर ऊन. त्याने मान डावीकडे, उजवीकडे मोडली. मानेतून तोच ओळखीचा कट्ट आवाज आला आणि त्याला स्वतःची खात्री परत मिळाली. कालच्यापेक्षा ती हलकी होती, कारण तिच्यात आता हरणंही मावत होतं. हातावर पायाखालच्या धुळीची चिमूट चोळायला तो वाकला आणि गादीवर धूळ न्यायची नसते हे आठवून त्याने हात पुसले.

"पंच मी होईन," दामोदर साहेब म्हणाले, आणि पायांतले बूट काढून गादीवर आले. "पण चौगुले, एक सांगा. काल चांगले शिकलेले पंच होते, त्यांना दिसलं नाही. मला उभ्याने काय दिसणार? हा फिरला, तो फिरला, पाठ लागली की नाही, कोण सांगणार?"

वस्तादांनी आपल्या फूल पडलेल्या डोळ्याकडे बोट केलं. "मी सांगू?" लोक हसले. मग हसणं ओसरलं, कारण प्रश्न खरा होता. तालमीचे पोक्त गडी एकमेकांकडे बघू लागले. कृष्णात आणि गुरुराज समोरासमोर उभे होते, हात अजून मिळवले नव्हते, आणि कृष्णातने वळून पायरीकडे बघितलं. त्याने चंपाला बोलावलं नाही.

चंपा पायरीवरून उठली. तिने चपला काढून एकीवर एक ठेवल्या. रिबीन डोळ्यांवर येऊ नये म्हणून वेणी पाठीवर टाकली. मोठ्या माणसांच्या पायांमधून वाट काढत ती अंगणात आली, गादीच्या उन्हाकडच्या कोपऱ्याशी पालथी झाली, गाल गादीच्या काठाला टेकवला, आणि एक डोळा मिटून घेतला.